नोव्हेंबरात भाऊ, जानेवारीत भाऊबंदकी

आपल्या क्युपर्टिनोत चार मराठी माणसं भेटली की तिसऱ्या मिनिटाला एक प्रश्न येतो, "मुलगा कुठे असतो हल्ली?" माझं उत्तर असतं, "डी अँझाला." मग समोरचा क्षणभर थांबतो, "छान, छान, घराजवळच आहे," म्हणतो आणि बटाटेवड्यांच्या रांगेकडे बघू लागतो. १९६७ साली सुरू झालेलं, स्टीव्हन्स क्रीक बुलेव्हार्डवरचं हे कम्युनिटी कॉलेज आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, पण गावातल्या आईबापांच्या मनात ते फार लांब आहे. कबूल करतो, माझ्याही मनात होतं.

पण आजचा विषय मुलाचा नाही, बास्केटबॉलचा आहे. झालं असं, की गेल्या वर्षी फेब्रुवारीत चिरंजीव म्हणाले, "बाबा, सांता क्लारा युनिव्हर्सिटीची मॅच बघायला चला." त्या दिवसांत आम्हा दोघांत जेवणाच्या टेबलावर "मीठ दे" यापलीकडे फारसं बोलणं होत नव्हतं. म्हणून मी लगेच निघालो. माझी पीएच.डी. अशा विद्यापीठात झाली, जिथे बास्केटबॉलच्या दिवशी अख्खं गाव एका रंगात न्हाऊन निघायचं. त्या पाच वर्षांत मी एकही सामना पाहिला नाही. त्या वेळी लॅब मोकळी मिळायची, हेच मला त्या खेळाचं मोठं वैशिष्ट्य वाटे.

सांता क्लाराचं लीव्ही सेंटर आमच्या घरून गाडीने वीसेक मिनिटांवर आहे. १९७५ सालचं हे सभागृह, आणि कित्येक वर्षं त्याचं छप्पर हवेच्या दाबावर फुगवलेलं होतं. (माझ्यातला इंजिनिअर त्या छपरावर वेगळा लेख लिहू शकेल, पण संपादकांनी पानं मोजून दिली आहेत.) जागा साडेचार हजारांच्या आसपास. माझ्या शेजारी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बसले होते, सत्तरच्या दशकातले इथलेच पदवीधर. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणू लागलो. समोर सामना रंगलेला असताना आजोबांचं निम्मं लक्ष मांडीवरच्या फोनवर होतं. फोनवर दुसराच सामना चालू होता, सॅन फ्रान्सिस्कोचा. पुढच्या रांगेतलं जोडपं तिसराच स्कोअर विचारत होतं, सेंट मेरीजचा. मध्यंतरात सगळे मागे वळून बसले आणि जी चर्चा सुरू झाली तीत समोरच्या सामन्याचं नावही नव्हतं. अमका हरला तर आपण कुठे, तमका जिंकला तर कोणाचा फायदा, असा हिशेब चालला होता. तिकीट एका सामन्याचं आणि चिंता पाच सामन्यांची! हा काय प्रकार आहे ते समजून घ्यायला मला एक पूर्ण सीझन लागला. जे समजलं ते इथे सांगतो.

आपल्या पिढीला कॉन्फरन्स समजावण्यासाठी रणजी करंडकाइतकं सोयीचं दुसरं काही नाही. २००२ पर्यंत रणजी विभागवार खेळली जायची. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र होते. आधी या भावंडांनी आपसांत लढायचं, गुण जमवायचे आणि मग वरच्यांनी देशाच्या बाद फेरीत जायचं. पुण्यात वाढलेल्या आम्हा मुलांना मुंबई-बडोदा सामन्यात पहिल्या डावाची आघाडी कोणाला मिळाली याचं इतकं अगत्य का असायचं? कारण त्या आघाडीच्या गुणांवर महाराष्ट्राचं पुढचं गणित अवलंबून असे. एरवी मुंबईचं नाव काढलं की आम्ही नाक मुरडायचो. पण दुलीप करंडक आला, की तीच मुंबईची पोरं पश्चिम विभाग म्हणून खेळायची आणि आम्ही त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायचो. दोन्ही भावना खऱ्या होत्या. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

इथली कॉलेजं अशाच गटांत विभागलेली आहेत. सांता क्लाराच्या गटाचं नाव वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स. हा गट जन्माला आला तो आपल्याच बे एरियात, १९५२ साली. सांता क्लारा, सॅन फ्रान्सिस्को, सेंट मेरीज, पॅसिफिक आणि सॅन होजे स्टेट ही त्याची पाच मूळ कॉलेजं. सॅन होजे स्टेट पुढे बाहेर पडलं. नंतर लॉस एंजलीसकडची लोयोला मेरीमाउंट आणि पेपरडाइन, सॅन डिएगो, पोर्टलंड आणि वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचं गोंझागा अशी मंडळी येत गेली. बहुतेक खाजगी, बरीचशी कॅथलिक आणि आकाराने लहान. सांता क्लारात पदवीचे विद्यार्थी सहा हजारांच्या घरात. मोठ्या सरकारी विद्यापीठांत एवढी मुलं नुसत्या वसतिगृहांत असतात. पण लहान म्हणून कमी लेखू नका. बिल रसेल याच गटातल्या सॅन फ्रान्सिस्कोचा, आणि त्या कॉलेजने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

(जाता जाता: भूगोलावर फार विसंबू नका. २०२४ पासून आपले स्टॅनफर्ड आणि बर्कली 'अटलांटिक कोस्ट' कॉन्फरन्समध्ये खेळतात. हा टेलिव्हिजनच्या पैशांचा महिमा.)

आता मार्चकडे वळू. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत २०११ पासून ६८ संघ घेऊ लागले. वरच्या श्रेणीत संघ साडेतीनशेहून जास्त. मग ६८ कसे निवडायचे? प्रत्येक कॉन्फरन्स सीझनच्या शेवटी आपली छोटी बाद स्पर्धा घेते आणि तिचा विजेता आपोआप आत जातो. २०२५ साली अशा ३१ जागा होत्या. उरलेल्या ३७ जागा एक निवड समिती बंद खोलीत बसून वाटते. निवड समिती म्हटल्यावर मुंबई-पुण्याच्या वाचकांना वेगळं काही सांगायला नको! मोठ्या कॉन्फरन्समधले सात-आठ संघ समितीच्या दारातून सहज आत जातात. लहान कॉन्फरन्सला बहुतेक वेळा एकच जागा मिळते, ती विजेत्याची. म्हणजे चार महिने उत्तम खेळलात आणि मार्चमधल्या एका रात्री पाय घसरला, की वर्ष संपलं.

आजोबांच्या फोनचं पहिलं कारण इथे आहे. कॉन्फरन्सची ही शेवटची स्पर्धा जिन्यासारखी असते. वेस्ट कोस्टच्या २०२५ च्या स्पर्धेत ११ संघ होते. गुणतक्त्यातले पहिले दोघे थेट उपान्त्य फेरीत. तिसरा-चौथा त्याच्या एक पायरी खाली. तळाचे संघ पहिल्या दिवसापासून रोज लढत वर येणार. दुसऱ्याला दोन सामने जिंकले की पुरे, तिसऱ्याला तीन. एक सामना जादा एवढंच, असं आपण म्हणू. पण समजा प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी आहे. दोन जिंकण्याची शक्यता चारात एक, तीन जिंकण्याची आठात एक. एका पायरीने नशीब अर्धं होतं. फेब्रुवारीच्या अखेरीला एकाच रात्री चार-पाच गावांत सामने चालू असतात आणि प्रत्येक निकालाने कोणाची तरी पायरी हलते. म्हणून समोरच्या सामन्याइतकाच फोनवरचा सामना महत्त्वाचा.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे आणि ते गणिताचं आहे. समितीने संघ तोलायचे कसे? एकाने २५ पैकी २० सामने जिंकले, पण दुबळ्यांशी. दुसऱ्याने १५ जिंकले, पण दांडग्यांशी. यासाठी १९८१ साली आरपीआय नावाचं सूत्र आलं आणि २०१८ पर्यंत समितीच्या टेबलावर राहिलं. सूत्र इतकं साधं, की चहाच्या कपाखालच्या कागदावर मांडता यावं. तुमच्या जिंकण्याच्या प्रमाणाला २५ टक्के वजन, तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रमाणाला ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेले २५ टक्के.

करून बघू. पहिल्या संघाचं प्रमाण ०.८००, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचं ०.४००, आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं ०.५०० धरू. बेरीज येते ०.२०० अधिक ०.२०० अधिक ०.१२५, म्हणजे ०.५२५. दुसऱ्याचं प्रमाण ०.६००, प्रतिस्पर्ध्यांचंही ०.६००, पुढचं तेच. त्याची बेरीज ०.१५० अधिक ०.३०० अधिक ०.१२५, म्हणजे ०.५७५. पाच सामने कमी जिंकूनही दुसरा पुढे! तुमच्या स्वतःच्या कर्तृत्वाला पाव हिस्सा आणि तुम्ही कोणाशी झुंजलात त्याला पाऊण हिस्सा. मला पहिल्यांदा हे वाचून रागच आला होता.

त्यातही एक बारकावा होता. प्रतिस्पर्ध्याचं प्रमाण काढताना तुमच्याशी झालेला त्याचा सामना वगळत. म्हणजे तुम्ही त्याला हरवलंत म्हणून त्याची किंमत तुमच्या खात्यात घसरत नसे. पण इतर सगळ्यांशी तो जिंकत राहिला, तर तुमचा भाव आपोआप वाढे.

आता कॉन्फरन्समध्ये काय होतं पाहा. जानेवारीपासून भावंडं आपसांत खेळू लागतात. प्रत्येक सामन्यात एक जिंकतो, एक हरतो. म्हणजे साऱ्या गटाचं आपसांतलं प्रमाण नेमकं ०.५०० राहतं, कोणी कितीही उड्या मारल्या तरी. हौदात नवं पाणी येत नाही, आहे तेच इकडून तिकडे होतं. पाणी भरायचं ते नोव्हेंबर-डिसेंबरात, कॉन्फरन्सबाहेरच्या संघांना हरवून. म्हणून खरा चाहता नोव्हेंबरात सगळ्या भावंडांसाठी देव पाण्यात घालून बसतो. सेंट मेरीज जिंको, सॅन फ्रान्सिस्को जिंको, ज्याचं तोंड बघवत नाही तो गोंझागाही जिंको. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याच मंडळींचे एकमेकांशी दावे सुरू होतात. नोव्हेंबरात भाऊ, जानेवारीत भाऊबंदकी. कोकणातल्या सामाईक आंब्याच्या झाडाखाली वाढलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

२०१८ च्या सीझनपासून आरपीआय जाऊन नेट नावाची पद्धत आली. तीत संघाने दर शंभर ताब्यांमागे किती गुण केले आणि किती दिले हेही पाहतात. ताबा म्हणजे चेंडू एकदा हातात आल्यापासून जाईपर्यंतचा काळ. सामन्यांचे चार वर्ग केले आहेत. पहिल्या ३० क्रमांकांतल्या संघाला घरी हरवलं तर तो पहिल्या वर्गाचा विजय. पण परगावी जाऊन हरवायचं असेल तर पहिल्या ७५ मधला कोणीही चालतो. प्रवास, परकी जमीन, विरोधातला आरडाओरडा या सगळ्याला सूत्रात जागा आहे. सूत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी तरी नक्की परदेशी शिकायला गेलेला असणार, असं मी सौ.ला म्हणालो. ती हसली नाही.

यात लहान कॉलेजांची खरी कोंडी होते. मोठे संघ लहानांच्या घरी येतच नाहीत. आलात तर आमच्याकडे या, एका रात्रीचे पैसे देतो, हरा आणि जा, असा व्यवहार असतो. म्हणजे पहिल्या वर्गाचा सामना मिळवायलाच लहानाला वणवण, आणि मोठ्याला तो आपल्याच गटात आठवड्याला मिळतो. लहान गटात एखादा बलदंड भाऊ असेल तरच इतरांना घरबसल्या अशी संधी. आमच्या गटात तो गोंझागा. १९९९ पासून दर वर्षी राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता मिळवत आलेला, २०१७ आणि २०२१ साली अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरलेला. सगळे त्याला शिव्या देतात आणि सगळे त्याच्या सावलीत उभे असतात.

सावलीला पैशांचीही किनार आहे. राष्ट्रीय स्पर्धेत संघ जितके सामने खेळतो (अंतिम सामना सोडून), त्या प्रत्येकामागे त्याच्या कॉन्फरन्सला सहा वर्षं हप्त्याहप्त्याने रक्कम मिळते. एका सामन्यामागे सगळे मिळून अदमासे वीस लाख डॉलर. गोंझागा धावायचा आणि हप्ते साऱ्या घराला यायचे. २०१८ साली गोंझागा दुसऱ्या गटात जायच्या गोष्टी करू लागला, तेव्हा घरच्यांनी वाटणी बदलली. कमावत्याला मोठा वाटा दिला आणि आपसांतले सामने १८ वरून १६ वर आणले. हौदाचं गणित आठवा, म्हणजे सामने का कमी केले ते कळेल. तरीही २०२४ च्या ऑक्टोबरात गोंझागाने जाहीर केलं, की २०२६ च्या जुलैपासून आम्ही पॅक-१२ मध्ये जाणार. आजोबांना मी विचारलं, "आता तुमच्या जिंकण्याची शक्यता वाढली, आनंद झाला असेल?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जागा मिळेल, पण किंमत कोण देईल?"

चर्चेत सर्वात जास्त वेळा येणारी रात्र १२ मार्च २०१९ ची. लास व्हेगासमध्ये वेस्ट कोस्टचा अंतिम सामना, गोंझागा विरुद्ध सेंट मेरीज. गोंझागा तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर. त्याच फेब्रुवारीत त्यांनी सेंट मेरीजला ९४-४६ असं धुऊन काढलं होतं. आणि त्या रात्री सेंट मेरीज ६०-४७ ने जिंकला. आता गंमत अशी, की गोंझागाचं काहीच बिघडलं नाही. समितीने त्याला पहिलं मानांकन दिलंच. सेंट मेरीज आपोआप आत गेला. पण लहान कॉन्फरन्समधून एकाऐवजी दोघे गेले म्हणजे कुठल्या तरी तिसऱ्या गावच्या काठावरच्या संघाची खुर्ची गेली. ज्यांनी सेंट मेरीजचं नावही धड ऐकलं नव्हतं, असे लोक देशभर त्या रात्री गोंझागा जिंकावा म्हणून दूरदर्शन संचासमोर बसले होते.

आजोबांची स्वतःची रात्र १९९३ ची. सांता क्लाराने कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली, म्हणूनच राष्ट्रीय स्पर्धेत जाता आलं. समितीच्या दारातून कोणी आत घेतलं नसतं. मानांकन १५ वं, समोर दुसरं मानांकन असलेलं ॲरिझोना. सांता क्लारा जिंकलं ६४-६१. शेवटच्या अर्ध्या मिनिटात ओळीने सहा फ्री थ्रो टाकणारा पहिल्या वर्षाचा मुलगा होता स्टीव्ह नॅश, कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा. त्याला शिष्यवृत्ती देऊ करणारं हे एकच कॉलेज निघालं होतं. २००५ आणि २००६ साली तो व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अलीकडचा जेलन विल्यम्सही इथलाच. २०२२ च्या निवडीत तो बारावा गेला आणि २०२५ साली ओक्लाहोमा सिटीबरोबर विजेता झाला.

एका रात्रीबद्दल मात्र हे लोक हळू आवाजात बोलतात. ४ मार्च १९९०. कॉन्फरन्सच्या उपान्त्य सामन्यात लोयोला मेरीमाउंटचा हँक गॅदर्स कोर्टवर कोसळला आणि गेला. हृदयाचा विकार होता. वय तेवीस. स्पर्धा तिथेच थांबवली. नियमित सीझनमध्ये पहिला आल्यामुळे गटाची जागा त्याच्याच संघाला दिली. तो संघ गेला, गतविजेत्या मिशिगनला १४९-११५ ने हरवून शेवटच्या आठांत पोचला. गॅदर्सचा बालमित्र बो किंबल प्रत्येक सामन्यातला पहिला फ्री थ्रो त्याच्या आठवणीसाठी डाव्या हाताने टाकायचा. त्या मार्चमध्ये सांता क्लाराचे लोकही लोयोलासाठी ओरडत होते, असं आजोबा म्हणाले.

हे सगळं मी एके रात्री घरी परतताना गाडीत उत्साहाने चिरंजिवांना सांगत होतो. आरपीआयचं सूत्र, पाऊण हिस्सा प्रतिस्पर्ध्यांचा वगैरे. तो ऐकत होता. डी अँझाच्या दिव्यांशी सिग्नल लागला तेव्हा म्हणाला, "बाबा, मग माझी हायस्कूलची चार वर्षं यात घालून बघा ना. आपल्या गावात प्रत्येक मॅच पहिल्या वर्गाची असते." मी काही बोललो नाही. तोच पुढे म्हणाला, "आणि आता मी जिन्यावर आहे."

त्याचा जिना असा. कम्युनिटी कॉलेजात ठरलेले विषय, ठरलेल्या गुणांनी पुरे केले, की युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कँपसपैकी एकाशी आधी करार करता येतो. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रुझ. अट पाळली की जागा पक्की, समिती नाही. सगळ्या विषयांना करार लागू नसतो, आणि बर्कली, लॉस एंजलीस, सॅन डिएगो यांच्याशी करार होतच नाही. तिथे अर्ज करायचा आणि बंद खोलीतल्या समितीची वाट बघायची. चिरंजिवांनी दोन्ही केलं आहे. डेव्हिसशी करार, आणि बर्कलीला अर्ज. निकाल एप्रिलच्या अखेरीला. हे सगळं त्याने दीड वर्षापूर्वीच मला एका कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी न वाचता फ्रिजवर लावला होता. त्या रात्री घरी आल्यावर वाचला.

या शनिवारी नियमित सीझनचा शेवटचा सामना आहे. सौ. पहिल्यांदाच येते म्हणाली आहे. तिला जिना समजावून सांगायचा आहे, आणि गाडीत वीस मिनिटं मिळतील. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही गाडी चालवा, आईला मी सांगतो."